दुपारचं रिकामं घर

त्या काळात घरी फोन करून ‘कसे आहात?’ असं विचारायची रीत जवळजवळ मोडली होती. कुणी मुद्दाम मोडली नव्हती. आधी पत्रं गेली तशी हीही गेली, आणि गेल्याचं कुणाला फारसं जाणवलंही नाही. विचारायचं कशाला, दिसतच होतं. फोन उघडला की वरच्या कोपऱ्यात गावाकडच्या घराचं एवढंसं चित्र असायचं आणि त्याखाली तीनपैकी एक ओळ: घर जागं आहे, घर निजलं आहे, किंवा घर रिकामं आहे. पुण्यात, सुरतेत, दुबईत बसलेली मुलं येता-जाता त्या ओळीवर नजर टाकायची आणि निश्चिंत मनानं कामाला लागायची.

ही ओळ लिहायची भिंतीवरची पेटी. पेटी म्हणजे दुसरं-तिसरं काही नाही, घरोघरी असतो तो राउटर. त्याच्यातून अखंड लहरी निघतात. आपण त्यांना नेट म्हणतो, पण लहरींना आपल्या सिनेमाशी किंवा बँकेशी काही देणंघेणं नसतं. त्या भिंतीवर आपटतात, कपाटावर आपटतात, माणसावर आपटतात आणि परत येतात. माणूस म्हणजे बराचसा पाण्याचा घडा. तो हलला की परतणाऱ्या लहरींत फरक पडतो. चालला तर मोठा, हात हलवला तर लहान, आणि नुसता श्वास घेतला तरी छाती वरखाली होते तेवढा केसभर. नव्या पेट्यांना हा केसभर फरक वाचता येऊ लागला होता. माणूस कोण आहे, काय बोलतोय हे त्यांना कळत नसे. आहे की नाही एवढंच कळे. शास्त्रज्ञांनी या विद्येला लांबलचक इंग्रजी नाव ठेवलं होतं. लोक मात्र तिला ‘चाहूल’ म्हणत, आणि हे नाव वैजयंता ढेबेनं दिलं होतं.

वैजयंता ‘रानवाट’ कंपनीत होती. ही कंपनी डोंगरातल्या वाड्यांना टॉवरवरून बिनतारी इंटरनेट पुरवायची. ग्राहकाच्या घरात कुठली पेटी लावायची, तिला कुठला अडॅप्टर, किती ताकदीची बॅटरी, हे वैजयंता ठरवायची आणि बंद पडलं तर का पडलं तेही तीच शोधायची. नेट ही आकाशातली गोष्ट आहे असं ग्राहकाला वाटतं. तिला पक्कं माहीत होतं की बहुतेक तक्रारी आकाशात नसतात, भिंतीतल्या प्लगात असतात. पिन बसली म्हणून कुणी टीव्हीचा अडॅप्टर पेटीला लावतो आणि मग पेटी शेगडीसारखी का तापते म्हणून कंपनीला शिव्या देतो. कुणी छपरावर जाणाऱ्या वायरीवर लुगडी वाळत घालतो.

डोंगरातला खरा प्रश्न होता विजेचा. दुपारी वीज जायची ती दिवेलागणीला यायची. तेवढा वेळ पेटी बॅटरीवर चालवायची, तर बॅटरी मोठी हवी, म्हणजे जड हवी, आणि ती घाट चढवून न्यायची कुणी? वैजयंतानं तोड काढली. घरात माणूसच नसेल तर नेट चालू ठेवून करायचंय काय? चाहूल लागेना झाली की पेटीनं ‘घर रिकामं आहे’ असा निरोप धाडायचा आणि झोपायचं. फक्त घरापुरता एक डोळा किलकिला ठेवायचा. माणूस आला की जागं व्हायचं. एवढ्यावर मुठीत मावेल अशी बॅटरी पुरत होती. कंपनीच्या बैठकीत ती म्हणाली होती, “डोंगरावर वजन चढवण्यापेक्षा शहाणपण चढवू.” सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

चाहूल हा शब्द तिला आबांनी दिला होता. आबा म्हणजे तिचे वडील, गेनू ढेबे, जन्मभर वनरक्षक. बुद्धपौर्णिमेला पाणवठ्यावर जनावरांची गणती असायची. आबा मचाणावर बसायचे आणि एका वर्षी हट्ट करून तीही बसली होती. “हलायचं न्हाई,” त्यांनी बजावलं होतं. “श्वाससुदिक पोटातनं, हळू. चाहूल लागली की जनावर पानी न पिताच माघारी जातंय.” तिला काही जमलं नव्हतं. तिचं नाक खाजलं आणि सांबर उधळलं. आबा मात्र झाडाचीच एक फांदी असल्यासारखे बसून होते.

आई गेल्यावर आबा डोंगरावरच्या आपल्या वाडीत, वरच्या कुंबळीत, एकटेच राहिले. तिच्याकडे पुण्याला यायला तयार नव्हते. वैजयंतानं जीव टांगणीला लागू नये म्हणून त्यांच्या भिंतीवर पेटी लावली. पहिले काही महिने ओळ दिवसभर ‘जागं’ दाखवायची आणि हिला वाटायचं, म्हातारा दिवसभर घरातच कुढतोय. मग हळूहळू दुपारी ‘रिकामं’ दिसू लागलं. रोज. ऊन कलायच्या आधी आबा बाहेर पडत आणि दिवेलागणीला परत येत. देवळात जात असतील, जुन्या सोबत्यांकडे बसत असतील. तिला इतकं हायसं वाटलं की तिनं ते सगळ्यांना सांगायचा सपाटा लावला. कॅन्टीनमध्ये म्हणायची, “आमचे आबा? घरात सापडतील तर शपथ!” एकदा नव्या ग्राहकांच्या मेळाव्यात व्यासपीठावरून तिनं तेच उदाहरण दिलं. फोन करायची गरज अशी उरली नव्हती. सणावारी होत असे.

एका सकाळी कंपनीत तक्रारीचा फोन आला तो नेमका तिनंच उचलला.

“मॅडम, खालच्या कुंबळीतनं बोलतीय. सगुणा मरगळे, आरोग्यसेविका,” पलीकडची बाई म्हणाली. “रोज दुपारी आमचं नेट जातंय ते दिवेलागणीलाच येतंय.”

“अडॅप्टर कुठला लावलाय? वरचे आकडे वाचून दाखवा.”

“पेटीचाच हाय. टीव्हीचा लावला व्हता तो तुमच्या मानसानं मागंच काढून नेला, वर चार शब्द सुनावून गेला. मॅडम, ऐका माझं. काल तालुक्याचे डॉक्टर इथल्या एका पोटुशी बाईला बघत व्हते, नेटवरनं. तिचं बीपी चढल्यालं. डॉक्टर गोळीचं नाव सांगत व्हते आन् अर्ध्या नावात नेट गेलं.”

वैजयंताचा पेन थांबला. “मग?”

“मग काय, डोलीत घालून घाट उतरवली. वाचली. दरवेळी वाचंल का?”

वैजयंतानं संगणकावर खालच्या कुंबळीच्या पेट्या बघितल्या. सगळ्या ठणठणीत होत्या. मग दोष वर असणार. खालची कुंबळ डोंगराच्या पोटात, तिथून टॉवर दिसत नाही. अशा वाडीसाठी वरच्या एखाद्या घराच्या छपरावर नेट घेऊन तिथून खाली सोडतात. त्या घराला कंपनीत ‘टप्पा-घर’ म्हणत. टप्पा-घराचा नियम कडक होता, तिनंच केलेला: मोठी बॅटरी लावायची आणि पेटीला कधीही झोपू द्यायचं नाही. झोपायचंच नाही तर चाहूल घेऊन वीज कशाला खर्चायची, म्हणून तिथली चाहूल बंद. टप्पा-घराच्या माणसांना ती तीन ओळींची सोय मिळत नसे.

खालच्या कुंबळीचं टप्पा-घर कुठलं, ते तिला संगणकानं सांगायची गरज नव्हती. वरची कुंबळ, गेनू ढेबे.

तिनं तरीही आशा सोडली नाही. बॅटरी बसली असेल, असं मनाशी म्हणत तिनं कालच्या दुपारची नोंद उघडली. बॅटरी अर्ध्याहून अधिक भरलेली होती. वायर शाबूत होती. पेटी बंद पडली नव्हती, झोपली होती. जाताना रीतसर निरोप ठेवून गेली होती: घर रिकामं आहे. पेटीचं काहीच चुकलं नव्हतं. चुकलं होतं ते दोन वर्षांपूर्वी, जेव्हा आबांचं घर ‘टप्पा-घर’ म्हणून नोंदवायचं सोडून वैजयंतानं ते ‘साधं घर’ म्हणून नोंदवलं. चाहूल बंद झाली असती तर तिला आबा दिसले नसते. आपल्या जिवाला स्वस्थता मिळावी म्हणून तिनं अख्खी वाडी एका झोपणाऱ्या पेटीला टांगली होती, आणि वर दुसऱ्यांना नियम शिकवत होती.

“सापडलं,” ती घाईघाईनं म्हणाली. “वरचे ते आजोबा दुपारी बाहेर जातात, म्हणून पेटी झोपते. मी करते दुरुस्त.”

“कोन बाहेर जातं? आबा?” सगुणा हसली. मग तिचा आवाज बदलला. “तुम्ही आबांची लेक ना? मला मघाच वाटलं. अवो, पावसाळ्यापासनं आबा उंबऱ्याबाहेर पडलं न्हाईत. गुडघं धरल्यात. मी गोळ्या द्यायला दुपारची जाते तवा खुर्चीत बसल्यालं असत्यात. आन् गंमत सांगू का, मी आत पाऊल टाकलं की नेट येतं, मी निघाले की जातं. मला वाटायचं माझा पायगुन हाय.”

वैजयंतानं फोन ठेवला. मग उठून डॉक्टर बागवानांच्या खोलीत गेली. पेटीनं माणूस कसा ओळखायचा याचं गणित या नासिर बागवानांनी मांडलं होतं.

“माणूस घरात आणि पेटी म्हणते रिकामं,” ती म्हणाली. “असं होऊ शकतं?”

बागवानांनी चष्मा काढला. “होऊ शकतं. हे बघा, पंखा हलतो, पडदा हलतो, उंदीर पळतो. या सगळ्याला माणूस समजलो तर पेटी कधी झोपणारच नाही. म्हणून आपण एक रेघ ओढली. त्या रेघेच्या वर हालचाल गेली तर माणूस, खाली राहिली तर नाही. रेघ ठरवताना आपण माणसं आणून बसवली होती, त्यांचे श्वास मोजले होते.”

“कुठली माणसं?”

“ऑफिसातलीच,” ते ओशाळून म्हणाले. “तरुण, धडधाकट. एखादा अगदी हळू श्वास घेत असेल, छाती अशक्त असेल, तर तो रेघेखाली राहील. वडिलांना दम्याचा त्रास आहे का?”

“माहीत नाही,” वैजयंता म्हणाली. हे दोन शब्द तोंडातून बाहेर पडताना तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बागवानांनी मान फिरवून खिडकीबाहेर बघितलं, म्हणजे निदान तिच्याकडे बघायला नको.

तिकडेच बघत ते म्हणाले, “दुपारी डोंगरातली आपली निम्मी घरं रिकामी दिसतात. आपण म्हणत होतो, लोक शेतावर जातात.”

दुसऱ्या दिवशी वैजयंता गाडीनं रस्ता संपेपर्यंत गेली आणि पुढचा चढ पायी चढली. पाठीवर मोठी बॅटरी होती, तीच, जी डोंगरावर चढवायची नाही म्हणून तिनं टाळ्या घेतल्या होत्या. पट्टे खांद्यात रुतत होते. ठीकच आहे, रुतू देत, असं तिला वाटत होतं.

घराशी पोचली तेव्हा वीज गेलेली होती आणि अंगण उन्हानं पांढरं पडलं होतं. ती दारातून गेली नाही. चोरासारखी कडेच्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. आबा आत खुर्चीत बसले होते. समोरच्या भिंतीवर पेटी. तिच्यावरचा दिवा निळा होता, म्हणजे जागं. बघता बघता तो हिरवा झाला, म्हणजे निजलं. आणखी थोड्या वेळानं विझला. वैजयंतानं खिशातला फोन काढून बघितला. घर रिकामं आहे. आबा तिच्यापासून चार हातांवर होते आणि हातातला फोन सांगत होता की ते नाहीत. हीच ओळ बघून ती कॅन्टीनमध्ये हसली होती.

आधी तिला बागवानांचं बोलणं आठवलं. अशक्त झालेत, छातीत दम राहिला नाही. मग तिनं नीट बघितलं. पाठ ताठ होती. हात गुडघ्यांवर पालथे. हनुवटी किंचित आत, ओठ जरासे विलग, आणि नजर दिव्यावर रोखलेली. असं बसलेलं माणूस तिनं आयुष्यात एकदाच बघितलं होतं, पाणवठ्यावर, चांदण्यात. आबा आजारी नव्हते. आबा मचाणावर बसले होते.

ती दारातून आत शिरली. दिवा निळा झाला. आबांनी आधी दिव्याकडे बघितलं, “आलं वाटतं कुनी,” असं पुटपुटले आणि मग दाराकडे वळले. त्यांचं तोंड एकदम उजळलं. मग नजर तिच्या पाठीवरच्या बॅटरीवर, हातातल्या हत्यारांच्या पिशवीवर गेली.

“नेटचं बघाय आलीस व्हय,” ते म्हणाले.

“नाही आबा, तुम्हाला भेटायला.”

“हां,” ते म्हणाले, आणि तिची लाज राखण्यासाठी पिशवीकडे पुन्हा बघितलं नाही. “बस. च्या टाकतो.”

“तुम्ही बसा. मी टाकते.” पण स्वयंपाकघरात साखर कुठल्या डब्यात आहे ते तिला सापडेना, आणि शेवटी भिंत धरत, गुडघे ओढत आबांनाच यावं लागलं. पाच पावलांचं अंतर, पण बघवत नव्हतं.

चहा पिताना तिनं विचारलं, “आबा, रोज दुपारी असे न हलता का बसता?”

बशीतला चहा निवला तरी त्यांनी तो ओठाला लावला नाही.

“तुला कळलं तर,” ते म्हणाले. “तुझी आई गेली तवा मी दिसभर घरात असायचो. ती पेटी तुला सांगायची, जागं हाय, जागं हाय. मग तुझा फोन यायचा. बोलनं कसलं, रागावनंच. घरात कुढत बसू नका, बाहेर पडा, मानसांत जावा. तुझा आवाज असा कातावल्यासारखा. म्या म्हनायचो, एवढ्या लांब पोर आपल्यापायी जीव जाळतीय.”

“मग?”

“मग एक दिस बसल्या बसल्या तुझ्या आईचं काय काय आठवत बसलो. हललो न्हाई लई येळ. तर दिवा इझला. सांजच्याला तुझा फोन. आबा, आज बाहेर गेला होता ना? घर रिकामं दिसलं, किती बरं वाटलं! असं म्हनलीस. आवाज असा, लहानपनी जत्रेतनं आल्यावर असायचा तसा.” आबा हसले. “पाय तर ओढ्यापलीकडं न्हेत न्हाईत. मग म्हटलं, बसल्या जागी जाऊन येऊ. आपल्याला काय, निम्मा जलम तेच केलं.”

वैजयंतानं कप खाली ठेवला.

“पुढं तुझं फोन कमी झालं,” आबा म्हणाले, “पर त्ये चालायचंच. तू सुखात व्हतीस. मला बी कळायचं, आज पोरीला घोर न्हाई.”

तिच्या मनात आलं, जमीन दुभंगावी आणि आपल्याला पोटात घ्यावं. रडावंसंही वाटलं, पण रडायचासुद्धा आपल्याला हक्क नाही असं वाटून ती उठली आणि कामाला लागली. जुनी बॅटरी काढली, मोठी बसवली, अडॅप्टर बदलला, छपराकडे जाणारी वायर तपासली. संगणकावर ‘साधं घर’ खोडून ‘टप्पा-घर’ केलं. चाहूल बंद झाली. दिवा पांढरा झाला आणि तसाच राहिला.

आबा बघत होते. “आता रंग न्हाई बदलायचा का?”

“नाही. आता पेटीला कुणी आलं-गेलं कळणार नाही. खालच्या वाडीचं नेट जाऊ नये म्हणून.”

“मला म्हाईत न्हवतं गं, माझ्यापायी त्यांचं जातंय,” ते चरकून म्हणाले. “सगुणा कधी बोलली न्हाई. मग आता तुला कसं कळनार, मी बाहेर गेलो ते?”

“मी फोन करीन, आबा. रोज.”

“बरं,” आबा म्हणाले. मोठे साहेब जंगलात यायचे आणि यंदा पाणवठा दुरुस्त करू म्हणून सांगून जायचे, तेव्हाही आबा असंच, अशाच आवाजात ‘बरं’ म्हणायचे. तिनं ते लहानपणी अनेकदा ऐकलं होतं.

खाली जाऊन नेट तपासायला हवं होतं. तिथूनच रस्त्याला लागते, असं सांगून ती निघाली. तिला तिथं आणखी थांबवतच नव्हतं. आबांनी दारापर्यंत यायचा प्रयत्न केला आणि मग खुर्चीतूनच हात हलवला.

खालच्या कुंबळीत सगुणाच्या दवाखान्यात नेट उत्तम चाललं होतं. डॉक्टर पडद्यावर आले, सकाळीच डोलीतून परत आणलेल्या त्या गरोदर बाईशी बोलले, गोळीचं नाव अख्खं ऐकू आलं. वैजयंताला जरा कुठं श्वास घेता आला. तेवढ्यात दारात एक म्हातारी येऊन उभी राहिली. तिच्या हातात फोन होता, पदरात गुंडाळलेला.

“ही ठकूबाई,” सगुणानं ओळख करून दिली.

“नीट झालं व्हय?” ठकूबाईनं पेटीकडे बोट दाखवून विचारलं.

“झालं, आजी. आता नाही जायचं,” वैजयंता म्हणाली.

म्हातारीनं मान हलवली, पण तिचं तोंड उतरलं. ती दाराबाहेरच्या कट्ट्यावर जाऊन बसली आणि फोन मांडीवर ठेवला. अंधारून येत होतं. आणखी दोन म्हातारे येऊन कट्ट्यावर टेकले. त्यांच्याही मांडीवर फोन होते.

“ही कशाची वाट बघताहेत?” वैजयंतानं हळूच विचारलं.

सगुणा जरा घुटमळली. “कसं सांगू, मॅडम. नेट गेलं की यांच्या पोरांच्या फोनवर घराचं काहीच दिसायचं न्हाई. ‘संपर्क नाही’ एवढंच यायचं. पोरं घाबरायची. दिवेलागणीला नेट आलं की फोनवर फोन. आई काय झालं, बाबा बरे आहात ना. ठकूबाईचा ल्योक सुरतेला, वर्षात कधी बोलला न्हाई, तो रोज बोलायला लागला. सगळ्या म्हाताऱ्यांनी माझं हातपाय धरलं व्हतं, तक्रार करू नगंस म्हनून. लई दिस दाबून ठेवली मी. ती बाई मरता मरता वाचली तवा मात्र माझंच मन खायला उठलं.”

बाहेर वीज आली. खांबावरचा दिवा लागला. ही रोजची फोनांची वेळ होती. कट्ट्यावरचे तिघे फोनकडे बघत राहिले. सुरतेत आता ठकूबाईच्या मुलाला ‘घर रिकामं आहे’ दिसत असणार. आई शेजारी कुठं बसायला गेली असेल, असं म्हणून तो निर्धास्त झाला असणार. कुणाचाही फोन वाजला नाही.

शेवटी ठकूबाई उठली आणि आत आली. वैजयंताच्या हाताला हात लावून म्हणाली, “लेकी, तू यातली जानकार दिसतीस. दवाखान्याची येळ सोडून थोडं बिघडवून ठेवता येईल का गं?”

सगुणानं तोंड फिरवलं. वैजयंताला बॅटरीतलं सगळं कळत होतं, वायरीतलं कळत होतं, लहरींतलंही कळत होतं. ती पिशवी उचलून बाहेर पडली.

रस्त्याला लागायच्या ऐवजी तिचे पाय वर वळले. चढ संपला तेव्हा चांगलंच अंधारलं होतं. घरात विजेचा दिवा लावलेला नव्हता, देवापुढचाही नव्हता. आतून पेटीचा तेवढा पांढरा उजेड येत होता. ती उंबऱ्यात उभी राहिली. आबा खुर्चीत बसले होते, पाठ ताठ, हात गुडघ्यांवर, नजर पेटीच्या दिव्यावर. आता कुणाला फसवायचं नव्हतं, तरी ते तसेच बसले होते.

ती एक पाऊल आत आली. दिवा पांढराच राहिला. आबा वळले नाहीत. घरात कुणी आलं की त्यांना तो दिवा सांगायचा. दाराकडे बघायची सवय त्यांची कधीच मोडली होती, आणि दिवा तर मघाशी तिनं स्वतःच्या हातानं गप्प केला होता. ती थांबली. त्यांना आपोआप कळावं, त्यांनीच मागं वळून बघावं, असं तिला फार वाटत होतं. पण ते होणार नव्हतं. हाक मारण्यावाचून इलाज नव्हता.

“आबा,” ती म्हणाली. घशातून आवाज निघाला तो तिलाच अनोळखी वाटला.

आबा दचकले. दिव्याकडे बघतच त्यांनी अंधाराला विचारलं, “कोन हाय?”